बावीस पावलांवरची आई

आमच्या दुकानात कुणी फोटो छापायला आलं की बाबा आधी 'या, बसा' म्हणत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "किती लांबून बघणार?"

माणूस गोंधळतो. "म्हणजे?"

"म्हणजे हातात धरून बघणार, भिंतीवर लावून बघणार, की रस्त्याने जाता जाता बघणार?"

"डोळ्यांनी बघणार हो, तुम्ही छापा तर खरं!" हा विनोद मी हजार वेळा ऐकला असेन, आणि दर वेळी करणारा आपणच पहिले असल्यासारखा हसतो. बाबाही त्याच्याबरोबर हसतात आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारतात. या एका प्रश्नापायी गल्लीने त्यांचं नाव लांबूनराव ठेवलंय. समोरचे शिंपीकाका तर रस्त्यापलीकडच्या आपल्या पायरीवरून तशीच हाक मारतात, "ओ लांबूनराव, सुट्टे आहेत का?" बाबांना राग येत नाही. राग येण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे.

दुकान अरुंद आणि लांबच लांब. पुढे सबंध काचेचं दार, एका कडेला काउंटर, मग दोन छपाई यंत्रं, आणि अगदी शेवटी एक पांढरी भिंत. ओळखपत्राचे फोटो काढायला लोकांना त्या भिंतीपुढे स्टुलावर बसवतात. शाळेतून आले की मी यंत्रामागे कागदाच्या गुंडाळ्यांवर आडवी व्हायचे. दुपारचं ऊन काचेतून येऊन हळूहळू आत सरकायचं, यंत्र सुर्र सुर्र करत डावीकडून उजवीकडे जायचं आणि कागदावर एकेक पट्टी उमटायची. आधी आभाळ, मग केस, मग कपाळ. अर्धवट झोपेत मला वाटायचं की माणसं यंत्रात राहतात आणि बाबांनी बोलावलं की डोकं पुढे काढून हळूच बाहेर येतात. एखाद्याचे नुसते डोळेच बाहेर आलेले असताना मला झोप लागायची, आणि जाग यायची तेव्हा तो माणूस हसत दोरीवर वाळत असायचा.

एकदा बाबांनी माझ्या हातात भिंग दिलं आणि म्हणाले, "आता बघ." मी एका नवरीच्या गालावर भिंग धरलं. गाल नव्हताच तिथे. निळे, गुलाबी, पिवळे ठिपके होते नुसते, धान्य सांडल्यासारखे. भिंग उचललं की नवरी, ठेवलं की ठिपके. मी घाबरले. त्या दिवशी मी बाबांच्या गालाला नाक लावून त्यांचे ठिपके शोधत बसले होते. दाढीचे खुंट तेवढे सापडले.

"तुमचे दिसत नाहीत," मी म्हटलं.

"माझे बारीक आहेत," बाबा म्हणाले. "मी महाग कागदावर छापलोय."

बाबांना गिऱ्हाइकाला समजावून सांगायची हौस भारी. एकदा एक बाई फोनमधला कुत्र्याचा फोटो घेऊन आल्या. त्यांना तो दाराएवढा हवा होता. "फोनवर किती स्वच्छ दिसतोय बघा, मिशा मोजता येतील," त्या म्हणाल्या.

"फोनवर दिसणारच," बाबा म्हणाले. "तळहाताएवढी जागा, तेवढ्यात सगळे ठिपके दाटीवाटीने बसतात. कणकेचा गोळा लाटता ना तुम्ही? गोळा तेवढाच असतो. लहान लाटला तर जाड राहतो. ताटाएवढा लाटला तरी चालेल. पण दाराएवढा लाटायला गेलात तर फाटणार."

"मी नाही लाटत, आमचे हे लाटतात."

"मग यजमानांना विचारा, ते माझ्या बाजूने बोलतील."

रिझोल्यूशन म्हणजे काय, हे मला शाळेत कुणी शिकवायच्या आत त्या कुत्र्याने शिकवलं. फोनच्या पडद्याला थोड्या ठिपक्यांत भागतं, तो स्वतः उजेड टाकून माणसाला सजवून दाखवतो. कागद तसा नाही. हातात धरून बघायचा फोटो असेल तर त्याला इंचाइंचात तीनशे ठिपके लागतात, आणि ते नसले तर तो तुमच्या तोंडावर सांगतो. पण तोच कागद लांब नेऊन टांगला तर थोडक्यावरही समाधान मानतो, कारण लांबून आपले डोळेच मधल्या जागा भरून घेतात. म्हणून तो प्रश्न. आणि फोटोच्या प्रत्येक पाकिटावर बाबा एक रबरी शिक्का मारायचे, 'मूळ फाईल जपून ठेवा.' इतक्या जोरात मारायचे की काउंटरवरची टाचणी उडायची. मला वाटायचं, धंद्याची शिस्त आहे.

माझी आई मी तीन वर्षांची असताना गेली. साधा ताप आला होता, आठ दिवसांत संपलं. त्या काळी दुकानात फोटो काढायचं काम तिचं आणि छापायचं बाबांचं. त्यामुळे जगाचे फोटो आमच्याकडे आणि तिचे जेमतेम चार. लग्नातल्या दोन फोटोंत ती स्वतःच्या पायांच्या अंगठ्यांकडे बघतेय. एकात पाठमोरी आहे. ओळखपत्रावरच्या फोटोत चोरीच्या आळावरून धरून आणल्यासारखी दिसते, आणि त्यावर कचेरीचा गोल शिक्का नेमका डाव्या गालावर पडलाय.

पाचवा फोटो खरं तर माझा आणि बाबांचा. बाबा दुकानाच्या काचेच्या दारापुढे बसलेत, मी त्यांच्या मांडीवर, आणि मी त्यांचा चष्मा ओढून काढलाय. फोटो काढणारी आई समोर आहे, म्हणजे फोटोत नाही. पण मागच्या काचेत ती आहे. तिवईवर कॅमेरा, त्याच्यामागे उभी, आणि मान मागे टाकून हसतेय. मसुराच्या दाण्याएवढं तोंड. तरीही हसू कळतं. लहानपणापासून मी तो फोटो संगणकावर उघडून त्या दाण्याकडे बघत बसायचे. कधीकधी स्वप्नात ते काचेचं दार उघडायचं आणि आत दुकान नसायचं, ऊन असायचं.

मला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तिथे एक खोली मिळाली, तेव्हा मी बाबांकडे एकच गोष्ट मागितली. भांडी नकोत, गादी नको. "मला ती काचेतली आई मोठी करून द्या. भिंतीवर लावायला. हसणारी."

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. मी आधीच म्हटलं, "दहा फुटांवरून. खोली दहा फुटांची आहे."

"नाही होणार. फाटेल ती."

"थोडी फाटली तर फाटली."

"थोडी नाही. तोंडच राहणार नाही." आणि ते यंत्राकडे वळून शाई तपासायला लागले. शाई सकाळीच भरली होती.

माझा पारा चढला. लोकांच्या कुत्र्यांसाठी तासतास खपणारा माणूस स्वतःच्या बायकोसाठी दोन वाक्यांत हात झटकतो! जायला बारा दिवस होते. मी ठरवलं, नाही तर नाही, मीच करेन.

पहिल्या दिवशी मी जगात सगळे करतात तेच केलं. संगणकावर एक चौकट असते, इंचात किती ठिपके ते लिहायची. तिथे बहात्तर होतं, मी तीनशे केलं आणि विजयी मुद्रेने छापलं. कागद बाहेर आला. आई मसुराएवढीच. मोठी करून छापली तर चौकोनांची गोधडी. लांबूनरावांच्या मुलीने ही चूक करावी! गोळा तेवढाच होता, मी फक्त ताटावरचं लेबल बदललं होतं. मी तो कागद बाबांना दिसायच्या आत चुरगळून टाकला. अर्थात तो त्यांना दिसला. ते काही बोलले नाहीत, आणि त्याचा मला जास्त राग आला.

मग मैत्रिणीने एक नवीन प्रोग्राम दिला. त्यात धूसर चेहरा टाकला की स्वच्छ चेहरा मिळतो. दुपारची वेळ होती, दुकानात कुणी नव्हतं. मी आईचं तोंड कापून त्यात टाकलं. पडद्यावर एक गोल फिरत राहिला, आणि मग तिथून एक बाई माझ्याकडे बघून हसली. पापण्या, दात, ओठांची कड, सगळं होतं. मी बाबांना हाक मारली.

ते आले. कितीतरी वेळ बघत उभे राहिले. काचेतून आलेलं ऊन त्यांच्या पायापर्यंत पोचलं होतं.

"छान आहे," ते म्हणाले. "कोण आहे ही?"

"बाबा!"

"अगं, खरंच विचारतोय. तिला असे दात नव्हते. आणि तीळ कुठे गेला?"

"कुठला तीळ?"

त्यांनी मूळचा फोटो उघडला आणि मोठा करत नेला, करत नेला, तोंडाचे चौकोन होईपर्यंत. मग बोट ठेवलं. गालावर एक काळपट चौकोन होता. एकच. वर्षानुवर्षं बघूनही मला तो कधी दिसला नव्हता, किंवा दिसला असेल तर मी त्याला कचरा समजले असेन.

"हा. डाव्या गालावर होता. काचेत उलटा पडलाय." त्यांचं बोट तिथेच राहिलं. "तुझ्या मशीनने पुसून टाकला. त्याला वाटलं, घाण आहे. बाकीचं त्याने अंदाजाने भरलंय गं. जगातल्या हजार बायकांचं थोडंथोडं. ही बाई कुठेच नाहीये."

मी ती बाई पुसून टाकली. पण हट्ट सोडला नाही. मूळ फाईल जपून ठेवा म्हणणाऱ्या घरात मूळ फाईल असणारच. मी जुनी डिस्क जोडली आणि त्या वर्षाचं सगळं उपसलं. गिऱ्हाइकांचे लग्नाचे अल्बम जसेच्या तसे होते, एकेक फोटो तीन हजार ठिपके रुंद. आणि 'घर' नावाच्या फोल्डरमधला प्रत्येक फोटो नऊशे. सगळेच्या सगळे नऊशे. कुणीतरी एका दिवसात, एका झटक्यात सगळे बारीक केले होते. तारीख होती. आई जायच्या पाच महिने आधीची.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"मी," बाबा म्हणाले.

ते गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले, पांढऱ्या भिंतीपुढे. तिथे बसलेला माणूस फोटो काढायला बसल्यासारखाच दिसतो, ताठ आणि थोडा भ्यायलेला.

"डिस्क भरली होती. गिऱ्हाइकांचे बारीक करता येत नव्हते, म्हणून घरचे केले. तेव्हाचा आपला पडदा होता केवढा! नऊशेत अख्खा भरायचा. आधीचा आणि नंतरचा शेजारीशेजारी लावून बघितला मी, काही फरक दिसला नाही. ती म्हणाली होती, राहू देत की, कधी मोठे करावेसे वाटले तर? मी म्हटलं, मोठे करायचे झाले तर परत काढू. तू काय पळून चाललीस?"

मी फार वाईट बोलले. म्हटलं, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." म्हटलं, "शिक्का मारायचा होता तर तेव्हा स्वतःच्या कपाळावर मारायचा." बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मूळ असती तरी अंगठ्याच्या नखाएवढीच स्वच्छ आली असती. मी कितीदा हिशेब केलाय." मला ते कारण काढणं वाटलं. आज वाटत नाही. वीस-बावीस वर्षं एकच गुणाकार करत बसलेल्या माणसाने त्याचं उत्तर सांगितलं होतं, एवढंच.

आठ दिवस आम्ही कामापुरतं बोललो. मी सामान बांधत होते आणि मनातून रडत होते. मला भिंत नको होती, अल्बम नको होता. जायच्या आधी एकदा, एकदाच, आईला माझ्याकडे बघून हसताना बघायचं होतं. त्या फोटोत ती माझ्याकडेच बघून हसत होती ना.

जायच्या दिवशी सकाळी दुकानातून यंत्राचा आवाज आला. सुर्र, सुर्र. मी गेले तर दाराला आतून कागद लावलेला. बाबा बाहेर आले. हात शाईने माखलेले.

"आत येऊ नकोस. समोर जा, शिंप्याच्या पायरीवर."

"मला गाडी आहे बाबा, बाराची."

"दोन मिनिटं. जा."

मी पाय आपटत रस्ता ओलांडला. पायरीवर शिंप्याच्या खडूने एक फुली काढलेली होती. शिंपीकाका मशीन थांबवून दारात आले. "तिच्यावर उभी राहा," ते म्हणाले. "सकाळपासून पंधरा वेळा इकडून तिकडे पळालाय तुझा बाप. बावीस पावलं, म्हणतो. एकवीसला चालत नाही."

बाबांनी दारावरचा कागद काढला.

दुकानाच्या अगदी शेवटच्या भिंतीवर आई होती. मान मागे टाकून हसत होती. गाल वर चढलेले, डोळे बारीक झालेले, आणि डाव्या गालावर, बाबांनी सुलट करून आणलेल्या डाव्या गालावर, तीळ. ती मला बघून हसत होती, मी चष्मा ओढल्याबद्दल, मी असल्याबद्दल. रस्त्यावरून एक सायकल गेली, तिच्याआडून आई परत दिसली. मी तिला हाक मारली की काय, मला आठवत नाही. शिंपीकाकांनी मला खांद्याला धरून उभं ठेवलं होतं.

मग मी तिच्याकडे निघाले. कोण थांबेल? रस्ता ओलांडेपर्यंत ती होती. दारात पोचले तर हसू विरायला लागलं. काउंटरपाशी तिचे डोळे गेले. यंत्रापाशी नुसते चौकोन उरले, करंगळीच्या नखाएवढे, करडे, तपकिरी, मध्ये एक काळा. भिंतीपाशी बाबा उभे होते. ते मात्र जवळ जावं तसतसे स्वच्छ होत गेले. पांढरे खुंट, डोळ्यांखालच्या सुरकुत्या, चष्म्याची वाकडी काडी.

"तुझ्या खोलीत नाही मावणार," ते म्हणाले. "हिला एवढी जागा लागते."

मी त्यांच्या शाईच्या हातांवर माझे हात ठेवले. जे बोलायला हवं होतं ते मी बोलले नाही. गाडीची वेळ झाली होती.

नोकरीच्या गावी माझी भिंत रिकामीच राहिली. दहा फुटांच्या खोलीत मी डोळे मिटून बावीस पावलं मागे जायचे, भिंतीतून, जिन्यावरून, रस्त्यावर, आणि कधी ती दिसायची, कधी झोप लागायची. फोनवर बाबा शाईचे भाव सांगायचे. कोपऱ्यावरचं झाड तोडल्याचं सांगायचे. आईबद्दल आम्ही दोघंही काही बोलायचो नाही.

चार महिन्यांनी मी न कळवता आले. भर दुपार होती. दुकानाच्या दारावर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी, आत कुणी नाही. मला नवल वाटलं, कारण बाबा आयुष्यभर काउंटरवरच जेवत आले. एका हाताने घास आणि दुसऱ्याने माऊस.

"इकडे बघ, इकडे," शिंपीकाकांचा आवाज आला.

बाबा त्यांच्या पायरीवर बसले होते. मांडीवर डबा, चष्मा डोळ्यांवर.

"रोजचं आहे हे," शिंपीकाका म्हणाले. "एक वाजला की येतो आणि बसतो. पायरीचं भाडं लावणार आहे मी. आणि खडू वेगळा. झाडताना फुली पुसली की हा परत काढतो." एवढं बोलून ते आत गेले आणि त्यांचं मशीन सुरू झालं.

मी जवळ गेले. बाबा थोडे सरकले. पायरीवर खडूच्या दोन फुल्या होत्या. एकीवर ते बसले होते. दुसरी त्यांच्या उजव्या हाताला होती, नुकतीच काढल्यासारखी ठळक. मी येणार हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"ही कधीपासून?" मी विचारलं.

"तू गेलीस त्या दिवसापासून," बाबा म्हणाले. "बस. जेवलीस का?"

मी माझ्या फुलीवर बसले. समोर काचेच्या दारातून, लांब, आई हसत होती.

"बाबा," मी म्हटलं, "त्या दिवशी मी फार वाईट बोलले."

"खरं बोललीस."

"नाही. तुम्हाला काय माहीत होतं?"

त्यांनी डब्याच्या झाकणात अर्धं काढलं, झाकण माझ्यापुढे सरकवलं, आणि आम्ही दोघं आईकडे बघत जेवलो.